हिवाळ्यात अंगणातली झाडं सांभाळताना

कोजागिरी झाली की आमच्याकडे संध्याकाळी ओट्यावर बसताना अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. दिवाळीनंतर पहाटे दहिवर पडायला लागतं, एखाद्या सकाळी धुई अशी उतरते की समोरचं घर दिसत नाही. याच दिवसांत नव्यानं झाडं लावलेली माणसं विचारायला येतात. पपईची पानं पिवळी का पडली? सीताफळ वाळलं का? लिंबाला रोज पाणी देऊ का? ज्यांनी यंदाच्या पावसाळ्यात घराभोवती पहिल्यांदा चार झाडं लावली आणि आता त्यांचा पहिला हिवाळा आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या मातीच्या गावात राहते, म्हणून बरंचसं सांगणं त्याच मातीवरून आलेलं आहे.

आपल्याकडची थंडी विचित्र असते. दुपारी ऊन चटकतं, पारा २८-३० अंशांवर असतो आणि त्याच रात्री तो दहा-बारावर येतो. उत्तरेचा वारा सुटला आणि आभाळ निरभ्र असलं की आणखी खाली जातो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते. त्या सकाळी आमच्या पपईचे शेंडे उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखे लोंबत होते. पण अशी रात्र क्वचित येते. एरवी मोठ्या झाडाला आपल्या भागातली थंडी मारत नाही. लहान रोपाला ती त्रास देते, आणि त्याहून जास्त त्रास आपण घाबरून केलेल्या उपायांनी होतो.

हे मी शिकले ते एका लिंबावरून. दोन वर्षांचं कागदी लिंबू होतं. मार्गशीर्षात पानं पिवळी पडली. तहान लागली असेल म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी ओतलं, वरून मूठभर युरियाही टाकला. महिनाभरात खोडाच्या बुडाशी साल फुटून डिंक गळायला लागला. आबाजींनी आळं उकरून मुळ्या दाखवल्या, काळ्या पडून बोटानं सोलून येत होत्या. म्हणाले, "पोरी, हे झाड थंडीनं नाई मेलं, पाजून पाजून मेलं." त्या रोगाला संत्र्याचे बागायतदार डिंक्या म्हणतात. बुडाशी सतत ओल राहिली की जमिनीतली बुरशी मुळ्या आणि साल कुजवते.

पहिलं काम: अंगण नीट पाहून घ्या

खरेदीच्या आधी एक सकाळ फक्त पाहण्यात घालवा. सूर्य उगवायच्या सुमारास अंगणात फिरा. दहिवर कुठे जास्त साचलं आहे, ऊन आधी कुठे पोचतं, पाय कुठे गार पडतात. थंड हवा जड असते, पाण्यासारखी खोलगटात जाऊन बसते. अंगणाचा सखल कोपरा, न्हाणीमागचा खळगा, नाल्याकडची बाजू इथली रोपं सगळ्यांत आधी करपतात. उलट जी भिंत दक्षिणेकडे तोंड करून आहे, तिच्या पायथ्याशी ऊब असते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते. कुंड्या, तुळस, पिशवीतली रोपं सगळी तिथे नेऊन ठेवा. बाकी काहीच केलं नाही तरी एवढ्यानं निम्मं काम होतं.

मग माती पाहा. काळी माती पाणी धरून ठेवते, पण वरून सुकली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळ्या तुटतात. मुरमाड, बरड जागेत पाणी थांबतच नाही. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीतली माती घरापाशी आणून टाकलेली असते, ती सुकली की विटेसारखी घट्ट होते. तुमची माती कोणती हे कळल्याशिवाय दुसऱ्याचं पाण्याचं वेळापत्रक उचलू नका.

शेवटी झाडं दोन गटांत वाटा. आवळा, बोर, चिंच, कवठ, बेल, कडुनिंब, जांब (बाहेरचे पेरू म्हणतात तो), सीताफळ ही इथलीच तब्येत असलेली झाडं. वर्षभराची झाली की त्यांना थंडीसाठी काही करावं लागत नाही. दुसरा गट नाजूक: केळ, पपई, नारळ, फणस, दोन वर्षांखालचं आंब्याचं कलम, लिंबा-संत्र्याची लहान रोपं, तुळस. पुढची बहुतेक मेहनत या दुसऱ्या गटासाठीच आहे.

पान गळालं म्हणजे झाड मेलं असं नाही

सीताफळ आणि पांढरा चाफा हिवाळ्यात पानं टाकतात, तो त्यांचा स्वभाव आहे. गोडलिंबाची (कढीपत्त्याची) वाढ थांबते, पानं पिवळसर होऊन झडतात आणि फागुनात पुन्हा पालवी येते. आमच्या गावात एकानं झडलेलं सीताफळ मेलं समजून जानेवारीत उपटलं, तेव्हा मुळ्या ताज्या पांढऱ्या निघाल्या. मला अजून हळहळ वाटते. शंका आली तर काडीवरची साल नखानं किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलं दिसलं तर झाड जिवंत आहे, फक्त निजलं आहे. शेंड्याकडे तपकिरी लागलं तर थोडं खाली खरवडून पाहा. अगदी बुडाशीही कोरडं तपकिरी असेल तरच ते गेलं समजायचं.

पाणी

यावर मी सगळ्यांत जास्त बोलणार आहे, कारण हिवाळ्यात झाडं जातात ती बहुतेक इथेच.

बुडापासून हातभर अंतरावर खुरप्यानं वीतभर खोल उकरा. तिथली माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि हाताला चिकटला तर पाणी नको. गोळा झाला पण बोटानं टोचताच फुटला तर वापसा आहे, म्हणजे ओल बेताची आहे, अजून दोन-चार दिवस थांबा. गोळाच होत नसेल, भुगा पडत असेल, तर पाणी द्या. वरची माती पाहून कधीच ठरवू नका. काळी माती वरून भेगाळलेली दिसते आणि वीतभर खाली चिखल असतो.

अंदाज हवाच असेल तर काळ्या मातीत यंदा लावलेल्या रोपाला पाच-सहा दिवसांनी अर्धी बादली, दोन-तीन वर्षांच्या झाडाला बारा-पंधरा दिवसांनी दोन बादल्या. मुरमाड जागेत थोडं थोडं, पण तीन-चार दिवसांनी. हा फक्त अंदाज आहे. खरं उत्तर मुठीतल्या मातीकडेच मिळतं.

पाणी कुठे द्यायचं हेही तितकंच महत्त्वाचं. खोडाला चिकटून केलेलं खोलगट आळं लिंबूवर्गीय झाडांसाठी घातक आहे. बुडाशी मातीची चढण करा, म्हणजे पाणी खोडाला टेकणार नाही, आणि तिच्या बाहेर बांगडीसारखं गोल आळं काढा. संत्र्याच्या बागेत याला दुहेरी आळं म्हणतात. पाणी पिणाऱ्या कोवळ्या मुळ्या फांद्यांच्या घेराखाली असतात, खोडापाशी नसतात. म्हणून झाड वाढेल तशी बांगडी दरवर्षी बाहेर सरकवत न्या.

वेळ सकाळी नऊ ते अकराची बरी. छतावरच्या टाकीतलं किंवा ड्रममधलं पाणी रात्रभर गार होऊन बसतं, ते पहाटे नाजूक रोपाच्या मुळाशी ओतू नका. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी मात्र हिवाळ्यात कोमट असतं, सकाळी त्यातून वाफ निघताना तुम्ही पाहिली असेल. कडाक्याची रात्र येणार असं दिसलं, म्हणजे वारा पडला आहे, आभाळ स्वच्छ आहे आणि सूर्य मावळताच हात गारठतात, तर त्या दिवशी संध्याकाळीच हलकं पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते आणि रात्री ती रोपाला मिळते. ढगाळ रात्री याची गरज नसते, ढग असले की जमिनीची ऊब वर निसटून जात नाही.

दोन झाडांना हिवाळ्यात मुद्दाम तहानलेलं ठेवायचं असतं. फळाला आलेल्या आंब्याला मोहोर येऊन फळं वाटाण्याएवढी होईपर्यंत पाणी देऊ नका. गार रात्री आणि कोरडी जमीन यांवरच मोहोर फुटतो. पाणी पाजलं तर मोहोराऐवजी पालवी येते आणि वर्ष वाया जातं. दुसरं झाड संत्र्याचं. आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारी फुलं, धरायचा असेल तर डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण देतात. दुपारी पानं कोमेजून किंचित गुंडाळली जातात तिथपर्यंत न्यायचं. संक्रांतीच्या आसपास शेणखत देऊन ताण तोडायचा, आधी हलकं आंबवणीचं पाणी, काही दिवसांनी चिंबवणीचं. एकदम भरपूर पाणी दिलं तर फूल कमी आणि पालवी जास्त येते. चार-पाच वर्षांखालच्या लहान संत्र्याला ताण देऊ नका, त्याला अजून अंगात बळ धरायचं आहे.

आच्छादन

कुटार (सोयाबीन-तुरीचा भुसा), तणस (धानाचा पेंढा), उसाचं पाचट, वाळका पाला, घरी जे आहे ते आळ्यात चार बोटं जाडीनं पसरा. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. ओल टिकते, पाणी निम्मं लागतं, भेगा पडत नाहीत. आधी मात्र वरची माती खुरपून भेगा बुजवा. हलक्या हातानं खुरपा, टिकास-फावडं चालवू नका.

कुटाराची एक अडचण आहे, उधई, म्हणजे वाळवी. कोरडं कुटार तिला फार आवडतं, आणि कुटार संपलं की ती खोडाच्या सालीवर चढते. म्हणून आच्छादनाच्या खाली कडुनिंबाचा पाला किंवा मूठ-दोन मुठी निंबोळीची ढेप टाका आणि आठवड्यातून एकदा वर करून पाहा. खोडावर मातीच्या नळ्या दिसल्या तर लगेच खरवडून काढा. सोयाबीनच्या कुटारावर शेजारच्या गाईही येतात, तेव्हा वर दोन बोराट्या टाकायला विसरू नका.

सखल, गारठणाऱ्या जागेसाठी एक अपवाद. आच्छादनामुळे दिवसाचं ऊन मातीत शिरत नाही. अशा जागी फार थंड रात्रीच्या आधी सकाळीच कुटार बाजूला सारा, ओली माती दिवसभर तापू द्या.

रोपांना मांडव

देवदिवाळीच्या आत हे काम आटोपा. रोपापासून हातभर लांब चार खुंट रोवा, तुराट्या किंवा बांबू. वर आणि उत्तर-पश्चिमेच्या बाजूंना तणस, कडबा किंवा पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) बांधा. आग्नेयेची बाजू, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मधली, उघडी ठेवा, तिथून सकाळचं ऊन आत येतं. पूर्ण बंद केलेल्या झोपडीत रोप पिवळं आणि लांबुडकं होतं.

मांडव जमत नसेल तर जुनं सुती लुगडं किंवा चादर चालेल. सूर्य मावळता मावळता टाका, कडा जमिनीपर्यंत सोडा आणि दगड ठेवा. झाडाला ऊब जमिनीतून मिळते, ती कापडाखाली अडली पाहिजे. वरच्या पानांभोवती गाठोडं बांधून खाली खोड उघडं ठेवलं तर काहीच उपयोग होत नाही. सकाळी आठ-नऊला कापड काढून वाळत घाला.

प्लॅस्टिकचा मोह टाळा. पानाला प्लॅस्टिक टेकलं की तिथे पान करपतं, आणि सकाळी काढायला उशीर झाला तर आत वाफ साचून रोप शिजतं. प्लॅस्टिकशिवाय काहीच नसेल तर ते पानाला न टेकता खुंटांवर ताणा.

केळीची वाळलेली पानं हिवाळ्यात कापू नका. ती खोडाभोवती लोंबू द्या, तीच तिची चादर आहे. घड बाहेर पडला असेल तर त्यावरही वाळकी पानं बांधा. पपईची फळं बारदान्यानं सैल झाका. तुळशीचं लग्न झालं की मंजिऱ्या खुडा, बी पुडीत ठेवा आणि रात्री तिच्यावर सुती कापड टाका.

शेकोटीबद्दल तळमळीनं सांगते. थंडीत झाडाखाली शेकोटी पेटते, पौषात त्याच आंब्याखाली गोवऱ्यांवर रोडगे भाजले जातात. त्या आहाराची, म्हणजे निखाऱ्यांची, धग सालीला आणि वरच्या मुळ्यांना जाळते. जखम लगेच दिसत नाही, दोन वर्षांनी त्या बाजूची फांदी वाळते. जाळ फांद्यांच्या घेराच्या बाहेर करा.

खोडाला लेप

लिंबू, संत्रा, आंबा यांच्या खोडाला पावसाळा संपला की बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावतात. काटोल, वरुड, मोर्शीकडे संत्र्याची खोडं निळसर-पांढरी दिसतात ती यामुळेच. घरच्या चार-सहा झाडांना १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाणी पुरतं.

मोरचूद फडक्यात बांधून प्लॅस्टिकच्या बादलीत अर्ध्या लिटर पाण्यात रात्रभर लोंबता ठेवा. दुसऱ्या मातीच्या भांड्यात चुना थोड्या थोड्या पाण्यानं फोडा. तो उकळतो, तोंड जवळ नेऊ नका, लेकरांना लांब ठेवा. थंड झाला की गाळून अर्धा लिटर करा. मग दोन्ही द्रावणं तिसऱ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात एकाच वेळी ओतत काडीनं ढवळा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं घेऊ नका. तयार लेपात घासलेला विळा क्षणभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, थोडी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा पाहा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ब्रशनं लावा, त्याच दिवशी संपवा. भांडं गुराढोरांच्या पाण्याजवळ धुऊ नका, मोरचूद विषारी आहे.

डिंक गळत असेल तर आधी धारदार चाकूनं कुजलेली साल खरवडा आणि मगच लेप द्या. पपई-केळीला हा लेप लावत नाहीत.

बकऱ्या, खत आणि कात्री

तूर निघाली की बकऱ्या मोकळ्या सुटतात. थंडीनं वर्षात एखादं रोप जातं, बकरी एका दुपारी सहा संपवते. बोराटी किंवा बाभळीच्या काट्यांचं कुंपण छातीएवढं उंच करा, फटी खालून बुजवा. गावाबाहेर घर असेल तर रोही (नीलगाई) आणि डुकरं येतात, त्यांना काट्या पुरत नाहीत, तारेची जाळी लागते.

खत डिसेंबर-जानेवारीत देऊ नका, ताण तोडतानाचं संत्र्याचं शेणखत तेवढं सोडून. युरियानं कोवळी पालवी फुटते आणि पुढच्याच थंड रात्री ती करपते. छाटणीही नको, त्याच कारणानं. हे सगळं फेब्रुवारीच्या उत्तरार्धात.

किडीकडे मात्र लक्ष असू द्या. लिंबाच्या शेंड्यावर मावा, जास्वंदावर पांढरा मिलीबग या दिवसांत दिसतो. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, चिमूटभर साबण घाला आणि दुपारी चारच्या सुमाराला पानांच्या खालून फवारा. ढगाळ, धुईच्या दिवसांत आंब्याच्या मोहोरावर पांढरी भुरी येते. तिच्यासाठी कृषी केंद्रात पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक मिळतं, १० लिटर पाण्याला २० ग्रॅम. मोहोर उमलून मधमाश्या येत असतील तर सकाळी फवारू नका, त्यांच्यासारख्या कीटकांवरच फळ अवलंबून आहे.

करपलंच तर

एखाद्या सकाळी पानं काळी, लुळी दिसली तर कात्री घेऊन धावू नका. करपलेली पानंच खालच्या जिवंत डोळ्यांना पुढच्या रात्रीपासून झाकतात. कोमट विहिरीचं थोडं पाणी द्या आणि थांबा. शिवरात्रीला थंडी शिव-शिव म्हणत जाते असं आपल्याकडे म्हणतात. तेव्हापर्यंत थांबलं की नवे अंकुर कुठून फुटतात ते स्पष्ट दिसतं. त्या अंकुराच्या थोडं वर, तिरपा काप घेऊन वाळलेलं काढा आणि मोठ्या कापाला लेप लावा. पपईचा शेंडा मेला असेल तरी बाजूनं फूट येते, त्यातली एकच सरळ फूट ठेवा. मग दर झाडाला एक-दोन घमेली मुरलेलं शेणखत आळ्यात मिसळा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळी पाऊस आणि गारा येतात, म्हणून मांडवाचं तणस घाईनं काढू नका. पुढे काढलं तरी खुंट रोवलेलेच राहू द्या. चैत्र लागला की त्याच खुंटांवर वरून आणि पश्चिमेकडून पऱ्हाट्या बांधायच्या आहेत, वैशाखात तिकडूनच ऊन मारतं.